तालमीतली उपासना

आधुनिक काळात कला देवापासून सुटी झाली, असे सरसकट मानले जाते. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेचा इतिहास वेगळे सांगतो. अंबाबाईचे मंदिर आणि रंकाळा यांच्या मधल्या या पेठेत खंडोबा, वेताळ अशा देवतांच्या नावाने तालमी आहेत. हौद्यात उतरणारा मल्ल आधी मारुतीला नमस्कार करतो, मातीला हात लावून तो कपाळी नेतो. दांडपट्टा, लाठी, भाला ही मर्दानी खेळाची शस्त्रे खंडेनवमीला पुजली जातात. हा व्यायाम आहे, यात कला कुठली, असा आक्षेप येईल. पण हलगीच्या ठेक्यावर पवित्रा बदलत फिरणारा पट्टा पाहिला, की नुसत्या ताकदीचा हिशोब अपुरा पडतो. तिथे लय आहे, तोल आहे आणि वर्षानुवर्षांची साधना आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे केले, कुस्तीला राजाश्रय दिला. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाल्यावर उरली ती बक्षिसांची स्पर्धा, असे म्हणता येते. पैसा आणि चुरस आली, हे खरेच. तरी आश्रयदाता बदलल्याने श्रद्धा संपली, हे सिद्ध होत नाही. दरबाराची जागा वर्गणीने आणि तरुण मंडळांनी घेतली. कोल्हापुरात अनेक तालमींत मारुतीबरोबर मोहरमचे पंजेही बसतात, आणि त्यांची सेवा हिंदू-मुसलमान मिळून करतात. ती करायला कोणत्याही दरबाराचा हुकूम लागत नाही.