ऐतिहासिक कादंबरी, इतिहासग्रंथ आणि तरुण वाचक

मोठेपणीं मनुष्य आपल्या देशाच्या इतिहासाविषयीं जें कांहीं बोलतो, त्याचें बीज बहुधा तेराव्या-चौदाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंतच्या वाचनांत पडलेलें असतें. आणि तें पेरणारा हात इतिहासकाराचा नसून कादंबरीकाराचा असतो. सनावळ्या परीक्षा झाल्यावर विसरल्या जातात, पण कादंबरींत रात्रीं जागून चढलेला कडा जन्मभर डोळ्यांपुढें राहतो. म्हणून तरुणांच्या हातीं कोणतीं पुस्तकें द्यावीं हा प्रश्न दिसतो तेवढा लहान नाहीं. कांहीं विद्वान् म्हणतात, कादंबरीनें इतिहास नासतो, सबब ती देऊंच नये. दुसरे म्हणतात, इतिहासग्रंथ रुक्ष, तो मुलें वाचणार नाहींत, सबब कादंबरीवरच भागवावें. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष वाचकाची योग्यता कमी लेखतात. तरुणांस दोन्ही द्यावीं, आणि जोडीनें द्यावीं, असें आम्हांस वाटतें. त्याचीं कारणें एका गांवाचें उदाहरण घेऊन सांगूं.

मराठींत या वाङ्मयाची परंपरा दीडशें वर्षांहून जुनी आहे. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ सालीं ‘विविधज्ञानविस्तारां’त येऊं लागली, तेव्हांपासून शिवकाल हा आमच्या कादंबरीचा आवडता मुलूख झाला. हरि नारायण आपट्यांचें ‘करमणूक’ पत्र १८९० सालीं निघालें आणि पुढें त्यांच्या ‘उषःकाला’नें घरोघर वाचक मिळविला, विसाव्या शतकाच्या आरंभीं ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी आली. नाथमाधवांनीं स्वराज्याच्या कथा लिहिल्या. पुढें गोपाळ नीलकंठ दांडेकरांनीं ‘बया दार उघड’, ‘हरहर महादेव’, ‘दर्याभवानी’, ‘झुंजार माची’ आणि ‘हे तो श्रींची इच्छा’ या पांच कादंबऱ्यांत तोच काळ गडकोट पायांखालीं घालून रंगविला. ज्यास प्रथमच मोठें पुस्तक हातीं घ्यावयाचें आहे अशा मुलास दांडेकरांची भाषा फार मानवते. ती मावळच्या मातींतून उचललेली आहे आणि कथा कोठें रेंगाळत नाहीं.

या पुस्तकांचा गुण असा कीं, तीं मृत माणसांस भूक, भय व लोभ देतात. फर्मान काढणारा बादशहा आणि तें घेऊन पावसांत धांवणारा जासूद हे दोघेहि मनुष्यच होते, ही जाणीव प्रथम कादंबरी देते. परंतु तिचा एक दोषहि आहे: ती जें रचते तें सत्य मानलें जातें. सिंहगडाचेंच उदाहरण घ्या. तानाजी मालुसरे पडला तेव्हां शिवाजी महाराजांनीं उद्गार काढले आणि कोंढाण्याचें नांव सिंहगड झालें, ही गोष्ट आपट्यांच्या कादंबरीनें सर्वतोमुखीं केली. तानाजीचें मरण ४ फेब्रुवारी १६७० चें. परंतु महाराजांच्या एप्रिल १६६३ च्या पत्रांत त्या गडास सिंहगड असेंच म्हटलेलें आहे. म्हणजे नांव सात वर्षें आधींचें. एवढ्यानें तानाजीचा पराक्रम तिळभरहि उणा होत नाहीं. अंधारांत कडा चढून जाणारा वीर गडाच्या नांवावर अवलंबून नाहीं. पण ज्या मुलास हें पत्र कधींच दाखविलें नाहीं, तो मोठा झाल्यावर कोणी तें दाखविलें तर रागावतो आणि दाखविणारासच शत्रु मानतो. पुरावा पाहण्याची संवय ज्यास लवकर लागली, तो मात्र त्यांत आनंद मानतो. या दोन मनुष्यांतील अंतर आमच्या सार्वजनिक जीवनांत रोज दिसतें.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. आमची तरुणांची कादंबरी बहुधा सह्याद्रीच्या माथ्यावर घडते आणि विजयापाशीं थांबते. मग जेथें गड नाहीं तेथील मुलास वाटतें कीं, आपल्या गांवीं इतिहास घडलाच नाहीं. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यांतील टेंभुर्णीचें पहा. पुणें-सोलापूर रस्त्यावरील मोठें गांव, भोंवतीं ऊंस, जवळ भीमा आणि १९८० सालीं पुरें झालेलें उजनीचें धरण. प्रवाशास याहून अधिक माहीत नसतें, आणि गांवच्या मुलासहि पुष्कळदां नसतें. परंतु दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी सदाशिवराव माणकेश्वर यांचें नांव याच गांवाशीं निगडित आहे. १८११ सालीं एल्फिन्स्टन पुण्यास रेसिडेंट म्हणून आला, तेव्हां पेशव्यांच्या दरबारांत ज्यांच्याशीं त्याची गांठ पडे त्यांत हे प्रमुख होते. पुढें त्रिंबकजी डेंगळे चढत गेला आणि माणकेश्वरांचें वजन उतरत गेलें.

टेंभुर्णीभोंवतीं दोन-तीन तालुक्यांचें वर्तुळ काढलें तर त्यांत काय काय येतें पहा. मंगळवेढ्याजवळ भीमेच्या कांठीं ब्रह्मपुरी-माचणूर येथें औरंगजेबाची छावणी १६९५ पासून १६९९ पर्यंत होती; म्हणजे चार वर्षें हिंदुस्थानची राजधानी जणूं या नदीच्या थडीवर होती. सांगोल्याकडील खवासपुरास ऑक्टोबर १७०० मध्यें माण नदीला रात्रीं पूर आला, छावणी वाहून गेली, आणि घाईनें बाहेर पडतांना म्हाताऱ्या बादशहाचा गुडघा निखळून तो कायमचा लंगडा झाला. जुलै १८१५ मध्यें पंढरपुरास गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला. आणि फेब्रुवारी १८१८ मध्यें मोहोळ तालुक्यांतील आष्टीस बापू गोखले पडले, साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह इंग्रजांच्या हातीं लागले, व बाजीराव निसटून गेला. राज्य कोठें गेलें असें कोणी विचारलें, तर टेंभुर्णीच्या मुलानें आपल्या वाटेवरच बोट दाखवावें इतक्या जवळ तें गेलें आहे.

या काळावर कादंबरी नाहीं असें नाहीं. नागनाथ संताराम इनामदारांनीं १९६३ सालीं ‘झेप’ लिहून त्रिंबकजी डेंगळ्यास नायक केलें. इंग्रजांच्या कागदांत केवळ खुनी म्हणून उरलेल्या मनुष्यास त्यांनीं अंतःकरण दिलें. त्यांची ‘मंत्रावेगळा’ बाजीरावाकडे त्याच न्यायबुद्धीनें पाहते, आणि ‘शहेनशहा’ औरंगजेबाकडे. सोळा-सतरा वर्षांच्या वाचकास हीं पुस्तकें अवश्य द्यावीं. कारण पराभवाची कथा विजयाच्या कथेहून अधिक शिकविते. परंतु ‘झेप’ मिटल्यावर मनांत जी सहानुभूति उरते तिची परीक्षाहि झाली पाहिजे, आणि त्यासाठीं गोविंद सखाराम सरदेसायांची ‘मराठी रियासत’ जवळ असावी.

रियासतीचा जन्मच आमच्या प्रतिपादनास साधक आहे. सरदेसाई १८८९ पासून बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या पदरीं होते. राजपुत्रांस शिकवावयाचें तर मराठींत एकसंध इतिहास हवा, या गरजेंतून त्यांच्या टिपणांचे खंड झाले. विद्यार्थ्यासाठीं आरंभिलेला ग्रंथ अशा रीतीनें विद्वानांचा आधार बनला. त्यांत उत्तर पेशवाई वाचली म्हणजे कळतें कीं, राज्य एका त्रिंबकजीच्या साहसानें किंवा एका बाजीरावाच्या भित्रेपणानें बुडालें नाहीं. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं यशवंतराव होळकरानें हडपसरास पेशव्याच्या व शिंद्यांच्या फौजेचा मोड केला. बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबर रोजीं वसईस त्यानें तह केला: इंग्रजांची निदान सहा हजार पायदळाची फौज आपल्या राज्यांत ठेवून घ्यावी, आणि तिच्या खर्चास सव्वीस लक्षांचा मुलूख तोडून द्यावा. रक्षण करणारी फौज दुसऱ्याची, ती पोसणारा मुलूख आपला, आणि परराज्यांशीं बोलणें त्या दुसऱ्याच्या संमतीनें. अशा स्थितींत माणकेश्वर शहाणे होते कीं डेंगळे शूर होता, हा प्रश्न दुय्यम ठरतो. कादंबरी मनुष्याचा स्वभाव दाखविते, इतिहास त्या मनुष्यास बांधणारी दोरी दाखवितो. दोन्ही पाहिल्यावांचून न्याय करतां येत नाहीं.

तरुणांच्या आंगीं अशी चिकित्सा येणार कोठून, असें कोणी विचारील. त्यास नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांचें उदाहरण पुरे आहे. ग्रांट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ सालीं प्रसिद्ध झाला. कॅपन साहेबानें केलेलें त्याचें भाषांतर आमच्या शाळांत चाले आणि तेंच वेदवाक्य मानलें जाई. १८६७ च्या सुमारास डेक्कन कॉलेजांत शिकणाऱ्या कीर्तन्यांनीं त्यावर टीकेचा निबंध लिहिला. तेव्हां त्यांचें वय पंचविशीच्याहि आंत होतें. ज्या पुस्तकानें शिकविलें त्यासच त्यांनीं पुरावा विचारला. त्या प्रश्नानें जो मार्ग दाखविला त्यावरूनच ‘काव्येतिहाससंग्रह’ १८७८ सालीं चालूं लागला, आणि १८९८ सालीं राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनां’चा पहिला खंड बाहेर पडला. एका विद्यार्थ्याच्या शंकेचें मोल एवढें असूं शकतें.

म्हणून प्रत्येक कादंबरीशेजारीं तिला प्रश्न विचारणारें एक पुस्तक ठेवावें. विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’शेजारीं (१९८८) शेजवलकरांचें ‘पानिपत : १७६१’ असावें. ‘शहेनशहा’शेजारीं मोगलांच्या छावणींत प्रत्यक्ष वावरलेल्या भीमसेन सक्सेनाचा वृत्तांत असावा, सेतुमाधवराव पगडींनीं तो मराठींत आणिला आहे, आणि भीमेकांठची ती छावणी शत्रुपक्षाच्या नजरेनें कशी दिसे हें त्यांत कळतें. परक्याची कादंबरीहि वर्ज्य मानूं नये. १८५३ पासून कांहीं वर्षें नळदुर्गास अंमलदार असलेल्या मेडोज टेलरानें १८६३ सालीं ‘तारा’ ही कादंबरी लिहिली. तिची कथा तुळजापुराशीं व अफझलखानाच्या काळाशीं संबद्ध आहे. आमच्याच दंडकारण्याकडे परका कोणत्या कुतूहलानें पाही, आणि त्याची दृष्टि कोठें चुके, हें ताडणें हा तरुणांस उत्तम अभ्यास होईल.

एक पुस्तक तर ही जोडी स्वतःच बांधून आलें आहे. रणजित देसायांच्या ‘श्रीमान योगी’स नरहर कुरुंदकरांचें दीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून जोडलेलें आहे. शिवचरित्रांतील कोणता प्रसंग पुराव्यानें टिकतो, कोणता टिकत नाहीं, आणि राजाचें मोठेपण लढायांपलीकडे कशांत शोधावें, याचा ऊहापोह त्यांत आहे. आपल्याच कादंबरीच्या दारांत असा परीक्षक बसविण्यांत लेखकाचें मन किती मोठें, हें तरुणांस मुद्दाम दाखवावें. पुष्कळ वाचक प्रस्तावना ओलांडून कथेंत शिरतात. त्यांनीं कथा संपल्यावर तरी मागें यावें.

यासाठीं मोठें ग्रंथालय लागत नाहीं. एक फळी पुरे. बारा-तेरा वर्षांच्या मुलास दांडेकर व आपटे. पंधराव्या वर्षीं ‘श्रीमान योगी’ प्रस्तावनेसह. पुढें ‘झेप’ व तिच्याबरोबर रियासतीचा उत्तर भाग. आणि शेवटीं भीमसेन, शेजवलकर व एखादा मूळ पत्रांचा खंड. टेंभुर्णीच्या शाळेंत अशी फळी असली, आणि वर्षांतून एकदां मुलांस माचणूर व आष्टी दाखविली, तर तीं मुलें इतिहास दुसऱ्याच्या डोंगरावर शोधावयास जाणार नाहींत. आपल्या वाटेवर राज्य कसें आलें आणि कसें गेलें हें त्यांस ठाऊक असेल. अभिमान बाळगावा असें पुष्कळ त्यांत आहे, खेद करावा असेंहि आहे. आणि दोहोंचा हिशेब ज्यास मांडतां येतो, त्यास भूलथापांनीं फसविणें फार कठीण जातें.