टाकीचे तोंड कोणत्या बाजूला?

संकेताला जन्म देणारे कारण लोपते आणि संकेत तेवढा मागे राहतो, हे साहित्याच्या अभ्यासकांना नवे नाही. वस्तूंच्या इतिहासातही असे घडते. मोटारीच्या इंधनटाकीचे तोंड हे त्याचे एक दुर्लक्षित उदाहरण. वर्ध्याच्या कोणत्याही पेट्रोल पंपावर पाहावे: मारुती स्विफ्टचे झाकण डाव्या अंगाला, फोक्सवॅगन पोलोचे उजव्या. रस्ता एक, इंधन एक. मग हा भेद का?

आरंभी प्रश्न बाजूचा नव्हता, उंचीचा होता. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत इंधन खेचणारा पंप नव्हता. पेट्रोल आपल्याच वजनाने इंजिनाकडे उतरत असे. म्हणून टाकी पुढच्या आसनाखाली ठेवलेली. पेट्रोल भरायचे तर बसणाऱ्याने उठावे, गादी उचलावी आणि काठी बुडवून किती उरले ते पाहावे. चढ तीव्र असेल आणि टाकीत पेट्रोल कमी असेल, तर ते इंजिनापर्यंत पोचत नसे. मग गाडी उलटी फिरवून मागच्या गिअरमध्ये चढवावी लागे.

पुढे इंधनपंप आला आणि टाकीला मागे जाण्याची मुभा मिळाली. १९५० च्या दशकात अमेरिकेत तोंड लपवणे हीच शोभा ठरली. १९५६ च्या शेव्हरोलेत ते मागच्या डाव्या दिव्याआड होते. इतर अनेक गाड्यांत नंबरप्लेटमागे. पण मागून धडक बसली, तर पहिला आघात याच जागेवर. फोर्ड पिंटोत तर तोंड बाजूला असूनही अशा धडकेत भरणनळी टाकीपासून निखळत असे. १९७८ मध्ये सुमारे १५ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. त्याच दशकात अमेरिकेचे सुरक्षा-नियम कडक झाले आणि मागचे तोंड हळूहळू नाहीसे झाले.

उरला प्रश्न डाव्या-उजव्याचा. त्याला जागतिक नियम नाही. टाकीचा आकार, धूर सोडणारी नळी, मोकळी जागा यांवर बरेच ठरते. एक स्पष्टीकरण नेहमी दिले जाते: रस्त्यात पेट्रोल संपले, तर भरणारा माणूस वाहनांच्या ओघात नव्हे, कडेला उभा असावा. जपानमध्ये वाहने डावीकडून चालतात, जर्मनीत उजवीकडून. तेथील बहुतेक गाड्यांची झाकणेही त्याच बाजूंना असतात. गाडी परदेशी विकताना सुकाणू हलवले जाते, झाकण सहसा नाही. फोर्डमधील जिम मॉयलन यांनी १९८६ मध्ये इंधनमापकाजवळ बाजू दाखवणारा बाण सुचवला. १९८९ च्या गाड्यांत तो आला. भेद मिटला नाही, त्याला खूण मिळाली.

आपल्याकडे या भेदाला आणखी एक अर्थ आहे. येथे पेट्रोल भरतो पंपावरचा कर्मचारी, आणि भरण्यापूर्वी मीटरवरचे ‘शून्य’ पाहून घेण्याची आपली रीत आहे. चालक उजवीकडे बसतो. झाकण डावीकडे असले, की मान वळवावी लागते किंवा उतरावे लागते. पोलोचे झाकण कडेच्या तर्काला येथे सोडून आहे, पण चालकाच्या नजरेला मात्र सोयीचे. आपल्या पंपावरचा हा व्यवहार झाकणाची जागा ठरवणाऱ्यांच्या मनात होता, असे दिसत नाही.

येथे आम्हांस वर्ध्याच्या आठवणींतील एक गाडी आठवते. गांधीजी १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहावयास गेले. त्या काळात जमनालाल बजाजांच्या एका फोर्डला बैल जुंपले गेले आणि तिला ‘ऑक्स-फोर्ड’ हे नाव पडले, असे सांगतात. विनोद बाजूला ठेवला, तरी या गाडीचे इंधन पुढून भरले जात होते, आणि तेही गावातल्या वैरणीचे.

याच वर्ध्यात, मगनवाडीत, जे. सी. कुमारप्पा ग्रामोद्योग संघाचे काम पाहत होते. वस्तू घडवणारा आणि वापरणारा यांच्यात अंतर वाढले की काय हरवते, हा त्यांच्या विचाराचा एक मुख्य प्रश्न. मोटारींविषयी आम्हांस बैलांकडे परतण्याचा आग्रह धरायचा नाही. परंतु लाखो चालक रोज मान वळवतात, ते दुसऱ्या देशातील रस्त्याच्या कडेसाठी ठरलेल्या जागेमुळे, एवढे तरी ध्यानात असावे. एखादी गैरसोय स्वाभाविक मानण्यापूर्वी ती कोणाची सोय होती, असे विचारणे हाही वाचनाचाच एक प्रकार आहे.