बुलेटच्या इंजिनातली बुचं

जुन्या बुलेटच्या इंजिनावर बाहेरून काही छोटे स्क्रू दिसतात. त्यांनी काहीच आवळलेलं नसतं. मग ते कशाला?

याचं उत्तर कारखान्यात सापडतं. हे इंजिन मूळ इंग्लंडमधल्या रेडिचचं. 1955 साली मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि ते आपल्याकडे बनू लागलं. ऑइलच्या वाटा धातूच्या आतून जातात. पण ड्रिल वळत नाही, सरळच जातं. म्हणून बाहेरून एक भोक, त्याला छेदणारं दुसरं, आणि उघड्या राहिलेल्या तोंडाला बूच. बूच म्हणजे दोष नव्हे, कारागिराच्या हाताची खूण.

पण त्याच्यामागे वर्षानुवर्षांचा गाळ बसतो. बूच न काढता इंजिन नुसतं रॉकेलने धुतलं तर गाळ तिथंच राहतो, आणि नवं बेअरिंग ऑइलवाचून जळतं. परत लावलेला स्क्रू लांब असला तर तोच वाट अडवतो.

2009 मध्ये क्लासिक नवं इंजिन घेऊन आली. पुढे जुनं बनणंच थांबलं. आता आहेत तेवढीच इंजिनं जपायची. चकचकीत केलेली जुनी बुलेट घेताना, मंडळी, एवढंच विचारा: बुचं काढली होती का?