मुलीच्या खेळासाठी बिऱ्हाड हलवणारा बाप

सुरतेत मुलींच्या शिक्षणाची वाट जुनी आहे. बाजीगौरी मुनशी आणि शिवगौरी गज्जर यांनी १९०७ सालीच इथे वनिता विश्राम सुरू केलं. आपल्या मराठी घरांनीही मुलींना शिकवलं. पण मुलगी रोज संध्याकाळी मैदानावर जाते म्हटलं, की आपला सूर बदलायचा. माझाही बदलला होता.

१९९७ सालची गोष्ट. आमची मुलगी एफ.वाय.बी.कॉम.ला होती आणि कॉलेजच्या बास्केटबॉल संघात खेळायची. तिच्या कोच मॅडम अडाजणला आमच्या घरी आल्या. बाहेरगावच्या स्पर्धेला आठ दिवस पाठवा, अभ्यास बुडणार नाही याकडे मी बघते, असं म्हणाल्या. चहा-पोहे झाले आणि मी सांगून टाकलं, "मॅडम, आधी डिग्री हातात येऊ दे. खेळ काय, नंतरही आहेच." नंतर ती कधी खेळलीच नाही.

आता नात बास्केटबॉल खेळते. तिच्या तोंडून पॅट समिट हे नाव ऐकलं आणि या बाईंची कारकीर्द मी वाचून काढली.

जन्म १९५२ चा, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या शेतकरी कुटुंबातला. गावच्या हायस्कूलमध्ये मुलींचा संघ नव्हता. वडील रिचर्ड हेड फार कडक माणूस, पण लेकीला खेळता यावं म्हणून त्यांनी जवळच्या दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवलं! भावांना खेळाची स्कॉलरशिप मिळाली. मुलींसाठी तशी सोयच नव्हती, म्हणून पॅटची फी आईवडिलांनी भरली.

१९७२ साली तिकडे कायदा झाला, की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने मुलगे-मुली असा भेद करायचा नाही. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७४ मध्ये, पॅट टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या संघाची मुख्य कोच झाली. वय २२, पगार महिना २५० डॉलर. संघाची गाडी तीच चालवायची, खेळाडूंचे कपडेही तीच धुवायची. ते कपडेसुद्धा आदल्या वर्षी डोनट विकून जमवलेल्या पैशांतून घेतलेले. मधल्या काळात ती स्वतःही खेळत होती. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये तिने खेळाडू म्हणून रौप्यपदक मिळवलं आणि १९८४ मध्ये तिच्या हाताखालच्या अमेरिकन संघाने सुवर्णपदक.

आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे माझी नजर आधी आकड्यांवर जाते. ३८ मोसम, १०९८ विजय, २०८ पराभव, ८ राष्ट्रीय अजिंक्यपदं. त्यातली तीन लागोपाठ, १९९६, ९७ आणि ९८ मध्ये. शेवटच्या वर्षी तर ३९ पैकी ३९ सामने जिंकले. म्हणजे मी मॅडमना चहा पाजून परत पाठवत होतो, त्याच काळात तिकडे हे चाललं होतं.

पण मी अडखळलो तो दुसऱ्याच आकड्यापाशी. तिच्या संघात पूर्ण मुदत खेळलेल्या प्रत्येक मुलीने पदवी घेतली. शंभर टक्के! वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचं, विनाकारण तास चुकवला तर सामन्यात खेळायचं नाही, असे तिचे नियम होते. 'आधी डिग्री, मग खेळ' हा माझा हिशेब. तिने दोन्ही एकत्र करून दाखवलं.

२०११ मध्ये, ५९ व्या वर्षी, स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. तिने ते लपवलं नाही, सगळ्यांना सांगितलं आणि आणखी एक मोसम संघाबरोबर राहिली. २०१२ मध्ये पद सोडलं. २०१६ मध्ये, ६४ व्या वर्षी ती गेली.

हे सगळं मी मुलीला फोनवर सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाबा, आमच्या मॅडम तेव्हा तुम्हाला हेच तर सांगत होत्या."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बी.कॉम. तिला फर्स्ट क्लास मिळाला. तिने खेळूनही तो मिळवला असता, असं आज वाटतं.

मंडळी, आपल्याकडेही अशा मॅडम होऊन गेल्या. मुलींना खेळू द्या म्हणून घरोघरी जाऊन आईवडिलांना विनवणाऱ्या. त्यांच्या विजयांची नोंद कुठल्या पुस्तकात सापडायची नाही. तुमच्या घरी अशा कुणी आल्या असतील, तर ती आठवण जरूर लिहा. आणि तुम्ही त्यांना काय उत्तर दिलंत, तेही लिहा.