सोलापूरचा मुलगा आणि समुद्राची शाळा

आपल्या सोलापुरापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. सिद्धेश्वर तलाव आणि हिप्परग्याचा तलाव, एवढीच आपली शाळकरी वयातली पाण्याशी ओळख. तरीही भारतीय जहाजांच्या इतिहासाचे एक पान आपल्याच गावात उघडते.

१८८२ साली वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापुरात झाला. त्यांनी सहकाऱ्यांसह उभ्या केलेल्या सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. हाच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. पण जहाज घेतले तरी ते चालवणारे अधिकारी कुठून आणायचे? हिंदी माणूस खलाशी म्हणून चाले, अधिकारी म्हणून नको असे. त्याला ते शिक्षण देणारी शाळाच देशात नव्हती.

बरीच मागणी झाल्यावर १९२७ साली ती शाळा निघाली. ‘डफरिन’ हे सैन्य वाहून नेणारे जुने जहाज मुंबईत माझगावसमोर नांगरून त्यावर मुलांचे वर्ग भरू लागले. त्या पहिल्या तुकडीतले रामदास कटारी १९५८ मध्ये भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. एका शाळेने किती अंतर कापले, हे एवढ्यावरून कळावे.

डफरिन मात्र वाफेचे जहाज होते आणि ते बंदरातच उभे असे. शिडांच्या जहाजावरची शाळा आपल्या नौदलाला पुढे ‘तरंगिणी’ने दिली. गोवा शिपयार्डमध्ये बांधलेले हे जहाज ११ नोव्हेंबर १९९७ रोजी नौदलात दाखल झाले. लांबी ५४ मीटर, तीन डोलकाठ्या आणि वीस शिडे. २००३-०४ मध्ये पंधरा महिन्यांत त्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली.

अशा जहाजावर विद्यार्थ्याचा दिवस सूर्यावर नव्हे, पाळीवर चालतो. चार तासांची एक पाळी आणि दर अर्ध्या तासाला घंटेचा टोल. आपल्या लहानपणी गिरणीच्या भोंग्यावर सारे गाव उठायचे, तसेच हे. मात्र दुपारी चार ते रात्री आठ या वेळेचे दोन तुकडे करतात. त्यामुळे दिवसाच्या सहाऐवजी सात पाळ्या होतात आणि मध्यरात्रीची पाळी रोज त्याच मुलांच्या वाट्याला येत नाही. न्यायाची किती साधी युक्ती!

सकाळी डेक धुणे, मग दोरांचा अभ्यास. शेकडो दोरांतला नेमका दोर अंधारातही हाताला सापडला पाहिजे, कारण चुकीचा सोडला तर वर चढलेल्या सोबत्याच्या जिवावर बेतते. शीड गुंडाळायला दोरांच्या शिडीने वर जावे लागते आणि खाली जहाज हेलकावत असते. भीती सगळ्यांनाच वाटते. तरी शेजारचा चढतो म्हणून आपणही चढतो.

उष्ण कटिबंधातले हाल वेगळे. विषुववृत्ताजवळ कधी वारा पडतो, शिडे लोंबतात, डेक तव्यासारखा तापतो आणि गोडे पाणी जपून वापरावे लागते. मग एकाएकी काळा ढग येतो, वादळी सर कोसळते आणि सगळ्यांची धावपळ उडते.

भर दुपारी सेक्स्टंट या उपकरणाने सूर्याची उंची मोजतात आणि त्यावरून आपला अक्षांश काढतात. सोलापूरकरांना हे समजायला अवघड नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. त्या दिवशी सूर्य जितका उत्तरेला असतो, तितकाच आपला अक्षांश, म्हणजे साडेसतरा अंशांहून थोडा अधिक. भूगोलाच्या तासाला पाठ केलेला तो आकडा तिथे रोज मोजून मिळवावा लागतो.

उपग्रह वाट दाखवत असताना शिडे कशाला, असे कुणी विचारील. वाऱ्याला हुकूम देता येत नाही, त्याला ओळखावे लागते. आणि एकट्याने शीड ओढता येत नाही. या दोन गोष्टी पुस्तकातून शिकवता येत नाहीत.

मित्रहो, आपली शाळा कोरड्या जमिनीवर होती. पण एकाच बाकावर बसून, एकमेकांच्या आधाराने आपणही वर चढायला शिकलो. आज इतक्या वर्षांनी पुन्हा एकत्र जमलो आहोत, ते त्याच दोराला धरून.