पंधराव्या वर्षीचा निर्णय: अमेरिकी कॉलेज हॉकीतील खेळाडू-भरतीची कथा

आजचा धागा आइस हॉकीविषयी, म्हणजे बर्फावरच्या हॉकीविषयी. कॅनडातील होतकरू खेळाडूपुढे कित्येक दशके एक पेच उभा राहत असे, आणि तोही पंधराव्या-सोळाव्या वर्षी. ‘मेजर ज्युनियर’ संघात जायचे, की अमेरिकेतील विद्यापीठाची वाट पाहायची? दोन्ही वाटा एनएचएल या व्यावसायिक लीगकडे जात. मात्र पहिलीवर पाऊल पडले की दुसरी कायमची बंद होई.

या पेचाची मुळे जुनी आहेत. विद्यापीठीय क्रीडासंस्था एनसीएएची पहिली हॉकी अजिंक्यपद स्पर्धा १९४८ साली कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे झाली. मिशिगनने डार्टमथला ८-४ असे हरवले. मिशिगनच्या संघात कॅनडाच्या खेळाडूंचा मोठा भरणा होता. शेजारच्या देशात तयार खेळाडू मिळत असताना प्रशिक्षकांनी घरचे खेळाडू घडवण्याचे कष्ट का घ्यावेत? डेन्व्हर विद्यापीठाचे मरे आर्मस्ट्राँग यांनी तर कॅनडातून खेळाडू आणून १९५८ ते १९६९ या काळात पाच अजिंक्यपदे मिळवली.

याला विरोध केला मिनेसोटाच्या जॉन मारिउची यांनी. ते एव्हलेथ या लोहखाणींच्या गावचे. कॅनडात कनिष्ठ हॉकी खेळून विशीत आलेला तरुण अठराव्या वर्षी शाळेतून आलेल्या स्थानिक मुलाची जागा घेतो, हा त्यांचा आक्षेप होता. वाद इतका विकोपाला गेला की १९५८ मध्ये मिनेसोटा आणि मिशिगन राज्यातील तीन विद्यापीठे बाहेर पडली आणि त्यांची लीगच मोडली. मारिउची यांचा हट्ट संकुचित होता, असे म्हणणे सोपे आहे. परंतु त्यांच्याच हाताखाली खेळलेल्या हर्ब ब्रूक्स यांनी १९८० च्या ऑलिम्पिक सुवर्णविजेत्या अमेरिकी संघात वीसपैकी बारा खेळाडू मिनेसोटाचे घेतले होते, हेही विसरता येत नाही.

पुढे वयाच्या वादाला ‘हौशी की व्यावसायिक’ या वादाची जोड मिळाली. मेजर ज्युनियर खेळाडूंना तुटपुंजा भत्ता मिळे आणि त्यांच्यातील काहींचे एनएचएल संघांशी करारही झालेले असत. म्हणून एनसीएएने त्या लीगलाच व्यावसायिक ठरवले. बदल्यात त्या लीगने प्रत्येक हंगामामागे एका वर्षाच्या शिक्षणखर्चाची हमी देऊ केली. विद्यापीठाची वाट धरणाऱ्यांसाठी केन ड्रायडन यांचे उदाहरण होतेच. १९६४ साली एनएचएलच्या निवडीत नाव येऊनही ते कॉर्नेलला गेले, १९६९ मध्ये पदवीधर झाले आणि १९७१ मध्ये माँट्रियलकडून स्टॅन्ली कप जिंकला.

प्रत्यक्ष भरती कशी चालते? पदवीपूर्वी बरेच खेळाडू एक-दोन वर्षे यूएसएचएलसारख्या हौशी लीगमध्ये घालवतात, परक्या गावी यजमान कुटुंबाकडे राहतात आणि प्रशिक्षक त्यांचे सामने पाहत फिरतात. एके काळी चौदा-पंधरा वर्षांची मुले विद्यापीठाला ‘शब्द’ देत. २०१९ च्या नियमाने त्याला लगाम घातला: मुलगा दहावीत असताना १ जानेवारीपासून संपर्क, आणि अकरावीपूर्वीच्या १ ऑगस्टपासून तोंडी प्रस्ताव. तो शब्द कोणालाच बांधील नसतो, ही गोष्ट पालकांना बहुधा उशिरा उमगते. पुरुष संघामागे दीर्घकाळ अठराच शिष्यवृत्त्या होत्या आणि त्याही वाटून दिल्या जात. हार्वर्ड, कॉर्नेल आदी आयव्ही लीगची विद्यापीठे तर खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत.

ऑगस्ट २०२४ मध्ये एका कॅनेडियन तरुणाने या बंदीला न्यायालयात आव्हान दिले. सोळाव्या वर्षी मेजर ज्युनियर संघाकडून केवळ दोन सराव-सामने खेळल्यामुळे तो अपात्र ठरला होता. त्याच नोव्हेंबरात एनसीएएने नियम बदलला. प्रत्यक्ष व आवश्यक खर्चापलीकडे मोबदला न घेतलेले मेजर ज्युनियर खेळाडू १ ऑगस्ट २०२५ पासून पात्र ठरले. महिनाभर आधीच गॅव्हिन मॅकेना या सतरा वर्षांच्या बहुचर्चित खेळाडूने पेन स्टेट विद्यापीठ निवडले होते.

मात्र नव्या व्यवस्थेत सहभागी विद्यापीठांच्या संघात जागा सव्वीसच आहेत. मेजर ज्युनियरमधून मुरलेला वीस वर्षांचा खेळाडू आला की यूएसएचएलमध्ये थांबलेल्या, तोंडी शब्दावर विसंबलेल्या एखाद्या मुलाची जागा जाते. मारिउची यांचे भांडण याच गोष्टीवरून होते.