तळ्यावरचा बर्फ आणि तापीचे डोह

भुसावळच्या माणसापुढें बर्फावर बसून मासे धरण्याची गोष्ट काढली, तर तो प्रथम आपल्याकडे संशयानें पाहील आणि मग हंसूं लागेल. मे महिन्यांत जेथें पारा पंचेचाळीस अंशांवर सहज चढतो, रस्त्यावरचें डांबर पायाखालीं मऊ लागतें, आणि माठांतल्या पाण्यासारखें दुसरें सुख नसतें, त्या गांवीं गोठलेल्या तळ्यांचें काय प्रयोजन? परंतु इतिहास हा मोठ्या चमत्कारिक सोयरिकी जुळविणारा आहे. ज्या मुलखांत तळ्यांच्या बर्फाला भोंकें पाडून लोक हिंवाळ्यांत मासे ओढून काढीत, त्याच मुलखांतल्या तळ्यांचा बर्फ एके काळीं जहाजांत भरून मुंबईस येत असे. आणि मुंबईहून निघालेला लोहमार्ग खानदेशांत शिरला तो भुसावळास येऊनच दुभंगला. ही सोयरीक आज वाचकांपुढें ठेवावी, आणि तिच्या निमित्तानें आमच्या तापीच्या डोहांचीहि थोडी विचारपूस करावी, असा आमचा मानस आहे.

खानदेशच्या कुणब्याला बर्फ अगदींच अपरिचित होता असें मात्र नव्हे. तो त्याला गारांच्या रूपानें ठाऊक होता, आणि ती ओळख सुखाची नव्हती. अंगणांत पडलेल्या गारा पोरें वेंचून तोंडांत टाकीत, त्याच वेळीं घरचा कर्ता पुरुष ओटीवर उभा राहून शेताच्या दिशेनें पाहत असे. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चांत महाराष्ट्रावर कोसळलेली गारपीट ज्यांनीं पाहिली, त्यांना या दोन दृष्टींतलें अंतर समजावून सांगण्याची गरज नाहीं. चैनीचा बर्फ बादशहांपुरता होता. अकबराच्या दरबारीं सोऱ्यानें पाणी थंड करीत, आणि पंजाबांत मुक्काम असतांना हिमालयाचा बर्फ लाहोरास आणवीत, हें अबुल फजलानें ‘आईन-इ-अकबरी’ंत लिहून ठेविलें आहे. गरिबाला गार आणि बादशहाला बर्फ, अशी ही जुनी वांटणी होती.

ती वांटणी मोडली एका व्यापाऱ्यानें. बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर यानें १८०६ सालीं मार्टिनिक बेटाकडे बर्फाचें पहिलें जहाज धाडलें, तेव्हां त्याच्या गांवच्या लोकांनीं त्याला वेड्यांत काढलें. पुढें नथॅनियल वाइथ यानें घोड्यांनीं ओढावयाचें बर्फ कापण्याचें यंत्र तयार केलें, त्यामुळें तळ्याच्या पाठीवरून सारख्या मापाच्या लाद्या निघूं लागल्या. लांकडाच्या भुशांत नीट दाबून बसविलेला बर्फ महिनेच्या महिने टिकतो, हें ट्यूडरनें अनुभवानें शोधून काढलें. १८३३ च्या मे महिन्यांत ‘टस्कनी’ नांवाचें जहाज सुमारें १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून निघालें, आणि चार महिन्यांनीं, दोनदां विषुववृत्त ओलांडून, कलकत्त्यास पोहोंचलें. तेव्हां त्यांतला सुमारें १०० टन बर्फ शाबूत होता! पाठोपाठ १८३४ सालीं मुंबईलाहि हा बर्फ पोहोंचला. जमशेटजी जीजीभाई यांनीं आपल्या घरच्या मेजवानींत पाहुण्यांना आइसक्रीम वाढलें, आणि मग यजमानांसह मंडळींना पडसें झालें, ही त्या वेळची चविष्ट हकीकत प्रसिद्धच आहे. पुढें मुंबईंत गोदीनजीक घुमटाचें बर्फघर उभें राहिलें. मद्रासेंत असेंच एक उभें राहिलें होतें. तेंच आज विवेकानंदांच्या नांवानें ओळखलें जातें, कारण १८९७ सालीं स्वामीजींचा मुक्काम तेथें झाला होता.

आतां या बर्फाच्या माहेरीं जाऊं. मॅसॅच्युसेट्स प्रांतांत काँकर्ड गांवाजवळ वॉल्डन नांवाचें एक लहानसें तळें आहे. त्याच्या कांठीं हेन्री थोरो हा तत्त्वचिंतक दोन वर्षें राहिला, आणि १८५४ सालीं त्यानें आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला. त्यांतल्या हिंवाळ्याच्या प्रकरणांत दोन तऱ्हेचे लोक तळ्यावर येतात. पहिले मासे धरणारे. भल्या पहांटे थोडीशी शिदोरी व दोऱ्या घेऊन ते येतात, बर्फाला भोंक पाडतात, आणि त्यांतून गळ सोडून स्वस्थ बसतात. दुसरे मजूर. १८४६-४७ च्या हिंवाळ्यांत शंभर आयरिश मजूर रोज येऊन तळ्याची पाठ कापून नेत होते. मद्रास, मुंबई व कलकत्ता येथील तहानलेले लोक आपल्याच तळ्याचें पाणी पिणार, या कल्पनेनें थोरोला मौज वाटली. परंतु त्यानेंच प्रामाणिकपणें नमूद केलें आहे कीं, त्या वर्षींची मोठी रास बाजारांत गेलीच नाहीं; ती गवत व फळ्यांखालीं पडून राहिली आणि १८४८ च्या सप्टेंबरापर्यंत वितळून बहुतेक पुन्हां तळ्यांतच परतली. म्हणून वॉल्डनचाच खडा मुंबईच्या पेल्यांत वाजला, असें आम्ही म्हणणार नाहीं. त्याच्या शेजारपाजारच्या तळ्यांचा वाजला, एवढें खरें.

बर्फाखालीं मासा जिवंत कसा राहतो? पाण्याचा हा मोठाच गुण आहे. बहुतेक पदार्थ गोठतांना आकसतात व जड होतात. पाणी मात्र चार अंशांच्या सुमारास सर्वांत जड असतें, आणि त्याहून थंड होतांना पुन्हां हलकें होत जातें. त्यामुळें बर्फ वर तरंगतो, आणि तळाशीं चार अंशांचें पाणी मासळीसाठीं उरतें. थंडीनें मंदावलेले मासे त्या खोल जागीं गोळा होतात. तेथला ट्राउट असो, कीं मंद उजेडांत शिकार साधणारा, चकाकत्या डोळ्यांचा वॉलआय असो, तो कोणत्या खोलीवर आणि कोणत्या घटकेस फिरतो, हें ज्याला कळलें त्यालाच बर्फांत भोंक कोठें पाडावें हें कळतें. उरलेले नुसतें कुडकुडून घरीं येतात.

आणि आतां तापीकडे वळूं. उत्तरेकडे जें थंडी करिते, तेंच आमच्याकडे ऊन करितें, असें आमचें म्हणणें आहे. तेथें हिंवाळा तळ्याला वरून झांकण घालतो. येथें उन्हाळा नदीला दोन्ही कांठांनीं आवळीत नेतो. फाल्गुन सरतां सरतां वाघूर, गिरणा यांसारख्या नद्यांची धार तुटते, आणि पाणी खडकांमधल्या डोहांत येऊन बसतें. वरचें पाणी तापतें. खालचें त्या मानानें थंड राहतें. नदीभर पसरलेली मासळी त्या एका डोहाच्या आश्रयास येते. खडकांच्या कपारींत वाम शिरते. शिवडा रात्र पडण्याची वाट पाहत तळाशीं राहतो. आणि मरळ तर पाण्याच्या वर तोंड काढून हवाच घेऊं शकतो, म्हणून चिखलांतहि तग धरतो. उथळ तळें फार दिवस बर्फाखालीं कोंडलें तर आंतली हवा संपून मासे मरतात. आमच्याकडचें डबकें आटूं लागलें म्हणजे तीच गत इतर मासळीची होते. बर्फावरचा तो माणूस आणि तापीकांठचा भोई यांनीं एकमेकांचें नांव कधीं ऐकलें नाहीं, पण दोघांचें शास्त्र एकच: पाणी जेव्हां कोंडतें, तेव्हां जीव खोलांत जातो.

या शास्त्राला आम्ही सुशिक्षितांनीं शास्त्र म्हटलें नाहीं, ही खेदाची गोष्ट आहे. कर्नल सायक्स यानें दख्खनच्या माशांवर १८३९ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला, तेव्हां त्यानें स्थानिक लोकांच्या तोंडचीं नांवें टिपून घेतलीं. महाशीराच्या एका जातीच्या शास्त्रीय नांवांत ‘खुद्री’ हा शब्द त्यामुळें आजहि नांदतो आहे. पुढें फ्रान्सिस डे यानें हिंदुस्थानच्या गोड्या पाण्यांतल्या मासळीचा अहवाल १८७३ सालीं लिहिला. हीं नांवें ज्यांनीं सांगितलीं, त्या कोळी-भोयांचीं नांवें मात्र कोणीं लिहून ठेविलीं नाहींत. ज्ञान त्यांचें, ग्रंथ साहेबांचे, आणि उदासीनता आमची!

कोंडलेल्या पाण्याचा एक धर्म आहे. तेथें मासा धरणें सोपें असतें, म्हणूनच तेथें हात आंवरणें अवश्य असतें. डोहांत जे उरतील, तेच पावसाळ्यांत नदी पुन्हां वसविणार. महाडनजीक काळ नदीवर वाळणकोंड येथें देवीच्या नांवानें महाशीर राखले गेले आहेत, तेथें त्यांना कोणी मारीत नाहीं. भाविकाला त्यांत देवी दिसते. आम्हांला तिच्याबरोबर बियाणें राखून ठेवणारा शहाणा शेतकरीहि दिसतो. उलट ज्या डोहांना देवीचा आसरा नव्हता, तेथें विष व सुरुंग पोहोंचले. नाहीं तर १८९७ सालीं सरकारला दारूगोळ्यानें व विषानें मासे मारण्यास मनाई करणारा कायदा करावा लागला नसता. सुरुंग हा लहान-मोठा असा भेद जाणत नाहीं. एका दुपारच्या लाभासाठीं पुढल्या दहा पावसाळ्यांचें बीज तो फोडून टाकतो.

मधल्या काळांत बर्फ स्वस्त झाला. यंत्रें आलीं, आणि बोस्टनचा व्यापार बसला. लोहमार्ग १८६७ सालीं नागपुरास आणि १८७० सालीं जबलपुरास भिडला. या दोन्ही वाटा भुसावळास फुटतात. बादशहाचा बर्फ आतां गोणपाटांत गुंडाळून, भुशांत लोळत, सामान्य माणसाच्या दारीं आला. समुद्राची मासळी त्याच बर्फांत बसून घाट चढूं लागली. ज्या बर्फाखालीं तिकडे मासे जगतात, त्याच बर्फांत इकडे मेलेले मासे टिकूं लागले, ही त्या वस्तूची दुसरी कथा आहे. आणि दूरचा मासा सुलभ झाला, कीं जवळच्या डोहाची काळजी कमी होते, ही तिसरी.

साहेबानें आपला ट्राउटहि येथें आणला. काश्मिरांत १९०० सालीं स्कॉटलंडहून आलेलीं अंडीं जगलीं, आणि पुढें निलगिरीच्या थंड ओढ्यांतहि तो मासा रुजला. तापींत तो एक उन्हाळा काढूं शकला नसता. वीस अंशांच्या वर पाणी गेलें कीं तो कासावीस होतो. ज्या पाण्यानें ज्याला घडविलें, तेंच त्याचें घर.

परंतु आज तापीहि पूर्वीची उरलेली नाहीं. खालीं गुजरातेंत १९७२ सालीं उकाईचें धरण झालें, आणि तापी-पूर्णेच्या संगमाखालीं, भुसावळाजवळ, १९८२ सालीं हतनूरचें. जेथें डोह होते तेथें जलाशय पसरला. त्यानें शेतांना पाणी दिलें, गांवांची तहान भागविली, पाणपक्ष्यांचे थवे आणले. त्याबद्दल तक्रार करणें कृतघ्नपणाचें होईल. १९५७ सालीं हिरालाल चौधरी यांनीं संप्रेरकाच्या टोंचणीनें माशांची वीण करविण्याची युक्ति साधली, तेव्हांपासून रोहू-कटल्याचें बीज जलाशयांत सोडणेंहि सोपें झालें. ताटांतला मासा वाढला. मात्र वाहत्या पाण्यावर व खडकाळ तळावर ज्यांचा जीव, त्या महाशीरासारख्या जुन्या रहिवाश्यांना साचलेलें पाणी मानवत नाहीं. आणि डोह गेला म्हणजे डोह जाणणाराहि जातो. कोणत्या कपारींत वाम, कोणत्या वळणावर शिवडा, ही विद्या नातवाला शिकवावयास आजोबांजवळ जागाच उरत नाहीं.

थोरोच्या तळ्याचा तपशील आज जगभर वाचतात, कारण एका माणसानें त्याच्या कांठीं बसून बर्फाची जाडी मोजली, तळाची खोली मापली, आणि गळ टाकणाऱ्यांकडे आदरानें पाहिलें. तापीच्या डोहांना असा वाचक मिळाला नाहीं. पण कांठावरच्या वस्तींत अजून कांहीं वृद्ध आहेत, ज्यांना जुन्या नदीचा तळ हाताच्या रेषांसारखा पाठ आहे. खानदेशांतल्या शाळा-कॉलेजांतल्या मुलांनीं एक उन्हाळ्याची सुटी त्यांच्याजवळ बसून डोहांचीं, माशांचीं व जाळ्यांचीं नांवें वहींत उतरवून घ्यावीं, एवढेंच आमचें मागणें आहे. बर्फ वितळला तरी पुढल्या हिंवाळ्यांत पुन्हां धरतो. माणसाबरोबर गेलेला शब्द पुन्हां धरत नाहीं.